नर किती, माद्या किती : वारुळात ठरवते कोण?

वर्षातला बराच काळ मुंग्यांच्या वारुळात एकही नर नसतो. दाणे ओढणाऱ्या, अळ्यांना भरवणाऱ्या, माती उकरणाऱ्या, दाराशी पहारा देणाऱ्या साऱ्या मुंग्या माद्याच असतात. अंडी घालणारी राणीही अर्थात मादीच. नर जन्मतात ते ठरावीक हंगामात, नव्या राण्यांच्या बरोबरीने, आणि बहुतेक जातींत काही दिवस किंवा फार तर काही आठवडे जगतात. मुंगीला पंख फुटले म्हणजे तिचे मरण जवळ आले, असे आपल्याकडे म्हणतात. नरांच्या बाबतीत ते शब्दशः खरे आहे. उडायचे, नव्या राणीशी समागम करायचा आणि मरायचे, एवढाच त्यांचा आयुष्यक्रम. राणी मात्र जमिनीवर उतरते, आपले पंख आपणच मोडून टाकते, मातीत शिरते, निरुपयोगी झालेले पंखांचे स्नायू अंगात जिरवून त्यांच्यावर पहिली पिल्ले पोसते आणि पुढे वर्षानुवर्षे जगते. युरोपातल्या काळ्या बागमुंगीची एक राणी बंदिवासात २८ वर्षांहून अधिक जगल्याची नोंद आहे. एवढ्या वर्षांत ती पुन्हा नराकडे जात नाही. त्या एका उड्डाणात मिळालेले शुक्राणू पोटातल्या पिशवीत जपून ठेवते आणि तेच आयुष्यभर पुरवते.

नर आणि मादी यांतला फरक साध्या भिंगाखालीही दिसतो. कामकरी मुंगीचे डोके मोठे, जबडे दणकट, डोळे बेताचे आणि छाती सडपातळ, कारण तिला पंख नसतात. नराचे याच्या उलट. डोके लहान, जबडे नावापुरते, डोळे दोन्ही बाजूंनी फुगलेले आणि छाती उड्डाणाच्या स्नायूंनी भरलेली. मिशांचे पेर मोजले तर बहुतेक जातींत मादीचे बारा आणि नराचे तेरा भरतात. नांगी हे अंडी घालण्याच्या नळीचेच बदललेले रूप असल्याने ती नराला असूच शकत नाही. हा फरक इतका मोठा आहे की डोरिलस या मुंगीच्या नराला १७६४ मध्ये लिनियसने गांधीलमाशी समजून नाव दिले होते. बऱ्याच जातींत नर प्रौढ होईपर्यंत त्याचे शुक्राणू तयार होण्याचे काम आटोपलेले असते आणि वृषणे आक्रसू लागलेली असतात. आयुष्यभराची पुंजी घेऊनच तो बाहेर पडतो. त्याला ऐतखाऊ ठरवण्याची मात्र घाई करू नये. युरोपातल्या काही सुतारमुंग्यांचे नर अख्खा हिवाळा वारुळात काढतात आणि त्या काळात सोबत्यांना तोंडाने अन्नही भरवतात, हे बर्ट होल्डोब्लर यांनी १९६० च्या दशकात दाखवून दिले.

या प्रकरणाचा प्रश्न पुढचा आहे. दरवर्षी एखादे वारूळ किती नर आणि किती नव्या राण्या बाहेर पाठवते, आणि हे ठरवते कोण? वारूळ म्हणजे एकजीव, एकमताने चालणारा समाज, अशी आपली समजूत असते, आणि शिस्तीत चाललेली मुंग्यांची रांग पाहून ती पक्कीही होते. माझे म्हणणे असे की नर-मादींच्या प्रमाणाचा मुद्दा आला की ही समजूत टिकत नाही. राणीचे हित आणि कामकऱ्यांचे हित इथे वेगळे होते. वारुळातून शेवटी बाहेर पडणारा आकडा हा दोघींच्या ओढाताणीतून निघालेला असतो, आणि ही ओढाताण नुसती कल्पना नाही, ती मोजता येते.

मुळाशी आहे मुंग्यांच्या जन्माची रीत. राणी अंडे घालताना त्यावर शुक्राणू सोडते किंवा सोडत नाही. शुक्राणू मिळालेल्या अंड्यातून मादी निपजते, न मिळालेल्या अंड्यातून नर. मधमाश्यांमध्ये असे घडते हे योहान झिअरझोन या धर्मगुरूने १८४५ मध्ये मांडले. मुंग्या, गांधीलमाश्या, मधमाश्या या साऱ्या गोतावळ्याला तोच नियम लागू आहे. मादीत गुणसूत्रांचे दोन संच असतात, नरात एकच. ऑस्ट्रेलियातल्या ‘जॅक जंपर’ नावाच्या मुंगीत तर मादीच्या पेशीत गुणसूत्रांची अवघी एक जोडी आणि नराच्या पेशीत फक्त एकच गुणसूत्र आढळले आहे. याहून कमी असणे शक्यच नाही. यातून नात्यांचे गणित विलक्षण होते. नराला बाप नसतो, पण आईचा बाप म्हणजे आजोबा असतो. त्याला मुलगा होत नाही, पण मुलीकडून नातू होतो. नराकडे एकच संच असल्याने त्याचे सगळे शुक्राणू जनुकांच्या दृष्टीने सारखे असतात. म्हणून राणीने एकाच नराशी समागम केला असेल, तर तिच्या सगळ्या मुलींना बापाकडून मिळालेला अर्धा वाटा हुबेहूब तोच असतो, आणि आईकडचा अर्धा वाटा सरासरीने निम्मा जुळतो. बहिणी-बहिणींचे नाते त्यामुळे पाऊण भरते. भावाशी मात्र नाते पावच, कारण बहिणीला बापाकडून जे मिळाले ते भावात मुळी नसतेच. राणीला मुलगा आणि मुलगी दोघेही सारखेच, निम्म्या नात्याचे.

आता दुसरा धागा. बहुतेक प्राण्यांत नर आणि माद्या साधारण सारख्या संख्येने का जन्मतात, हा प्रश्न डार्विनला सुटला नव्हता. ‘डिसेंट ऑफ मॅन’च्या १८७४ च्या आवृत्तीत त्याने तो पुढच्या काळावर सोपवला. १९३० मध्ये रोनाल्ड फिशरने त्याचे नेटके उत्तर दिले. प्रत्येक पिल्लाला एक आई आणि एक बाप असतो. समजा, नर कमी झाले. मग त्या मोजक्या नरांच्या वाट्याला जास्त माद्या येतात, म्हणजे एका नराची संतती सरासरीने वाढते. अशा वेळी ज्या आईबापांचा कल मुलगे जन्माला घालण्याकडे असेल त्यांना जास्त नातवंडे मिळतात, तो कल पुढच्या पिढीत पसरतो आणि नरांची संख्या पुन्हा वर येते. माद्या कमी झाल्या तर उलटे घडते. तोल सारखेपणावर येऊन थांबतो. फिशरने एक बारकावा सांगितला होता आणि मुंग्यांच्या बाबतीत तोच महत्त्वाचा आहे. सारखी व्हायची ती संख्या नव्हे, तर दोन्हींवर केलेला खर्च. चरबीने भरलेली नवी राणी नराच्या कित्येक पट जड असते. नारळ आणि सुपाऱ्या नुसत्या नगांवर मोजून बाजारखर्च काढता येत नाही, तसेच हे आहे. वारुळातून संख्येने नर जास्त निघाले, तरी वारुळाची शिदोरी बरीचशी राण्यांवरच खर्च झालेली असू शकते.

विल्यम हॅमिल्टनने १९६४ मध्ये नात्यांचे हे गणित मांडले आणि कामकरी मुंगी स्वतः अंडी न घालता बहिणी का वाढवते, याचा उलगडा त्यातून होतो असे सुचवले. पुस्तकांतून हा उलगडा आजही सर्रास असा सांगितला जातो की स्वतःच्या मुलीपेक्षा बहीण जवळची, म्हणून मुंग्या समाजशील झाल्या. हे अर्धवट आहे. बहीण पाऊण तसा भाऊ पाव, आणि दोन्ही सारखेच वाढवले तर सरासरी निम्मीच पडते, म्हणजे स्वतःच्या पिल्लाइतकीच. फायदा होईल तो कामकऱ्यांनी खर्चाचा कल बहिणींकडे झुकवला तरच. हे रॉबर्ट ट्रिव्हर्स आणि होप हेअर यांनी ओळखले आणि १९७६ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात त्यावरून एक धाडसी भाकीत केले. राणीच्या मनासारखे झाले तर नर आणि माद्यांवरचा खर्च सारखा असेल. कामकऱ्यांच्या मनासारखे झाले तर माद्यांवर तिप्पट खर्च होईल. तिप्पटच का? नरांवर माद्यांच्या एक तृतीयांशच खर्च होत असेल, तर खर्चाच्या प्रत्येक भागामागे नराला तिप्पट संतती मिळते. पाव नात्याला तिप्पट मोल आले की ते पाऊण नात्याच्या बरोबरीला येते, आणि तिथे कामकऱ्यांना पारडे आणखी झुकवण्यात फायदा उरत नाही. या दोघांनी एका राणीच्या वारुळांत राहणाऱ्या सुमारे वीस जातींचे नर आणि राण्या वाळवून तोलल्या. वजनांचे प्रमाण एकास एकपासून दूर आणि तीनास एकच्या आसपास निघाले. जीवशास्त्रात एवढे नेमके, आकड्यातले भाकीत क्वचितच केले जाते.

त्याच लेखात एक तपासणी अशी होती की तिची आखणी जणू निसर्गानेच करून ठेवली होती. काही जातींच्या मुंग्या दुसऱ्या जातीच्या वारुळावर धाड घालतात, कोष पळवून आणतात आणि त्यांतून निघालेल्या परक्या कामकऱ्यांकडून आपली पिल्ले वाढवून घेतात. या परक्या कामकऱ्यांचे राणीच्या मुलांशी काहीच नाते नसते. बहीण-भाऊ असा भेद करून त्यांना काही मिळायचे नाही. मग अशा वारुळात राणीचाच शब्द चालायला हवा आणि खर्च दोन्हीकडे सारखा निघायला हवा. तसाच तो निघाला, आणि पुढे जास्त माहिती हाती आल्यावरही हा निष्कर्ष टिकला. दोन्हीकडे शरीराची घडण तीच, पिल्ले वाढवण्याची रीत तीच. बदलले ते फक्त वाढवणारीचे नाते, आणि प्रमाण बदलले. मला हा पुरावा वीस जातींच्या वजनांपेक्षा मोलाचा वाटतो.

आक्षेप लगेच आले, आणि ते किरकोळ नव्हते. रिचर्ड अलेक्झांडर आणि पॉल शर्मन यांनी १९७७ मध्ये विचारले की माद्या जास्त असण्याचे दुसरे साधे कारण का नसावे? भाऊ-भाऊ एकाच जागी त्याच माद्यांसाठी झगडत असतील, तर आईलाही फार मुलगे नकोच असतात. काही जातींत हे खरेच घडते. कार्डिओकॉन्डायला मुंग्यांत पंख नसलेले नर वारुळातच राहतात आणि एकमेकांना ठार मारतात. तिथे नर अगदी थोडे निपजतात आणि त्यासाठी कामकऱ्यांच्या हिताची गोष्ट काढण्याची गरजच नाही. पण ज्या जातींचे नर आणि राण्या हजारोंनी आकाशात झेपावतात आणि अनेक वारुळांची सरमिसळ होते, त्यांना हे स्पष्टीकरण लागू पडत नाही. दुसरा आक्षेप याकोबस बोम्समा यांचा, १९८९ मधला. राणीच्या वजनात बरीचशी साठवलेली चरबी असते, तर नर अंगाने लहान पण ऊर्जा झपाट्याने जाळणारा. म्हणून नुसते वजन धरले तर मादीचा खर्च फुगून दिसतो. हा आक्षेप बरोबर होता आणि तो स्वीकारला गेला. दुरुस्ती केल्यावर एका राणीच्या वारुळांत माद्यांवरचा खर्च शंभरातले साठ-पासष्ट इतका उरला. पंचाहत्तर नाही, पण पन्नासही नाही. मला वाटते, या दुरुस्तीने सिद्धान्त दुबळा न होता जास्त खरा झाला. दोन पक्षांत ओढाताण असेल आणि एकाचाही पुरता विजय होत नसेल, तर आकडा दोन टोकांच्या मधेच कुठेतरी सापडायला हवा.

सगळ्यात स्वाभाविक शंका मात्र वेगळीच आहे. मुंगीला अपूर्णांक कुठून कळणार? तिला ते कळण्याची गरज नाही. एखादी खूण ओळखून त्याप्रमाणे वागण्याची सवय जनुकांत असली आणि तिचा फायदा होत असला, तर नैसर्गिक निवड ती सवय टिकवते. प्रश्न एवढाच की अशी सवय खरोखर आहे का. याचे उत्तर फिनलंडच्या किनाऱ्यावरच्या बेटांतून आले. तिथल्या फॉर्मिका कुळातल्या मुंग्यांत काही राण्यांनी एकाच नराशी समागम केलेला असतो, काहींनी अनेकांशी. अनेक बाप असले की बहिणींचे आपसांतले नाते पातळ होते, भावांशी असलेले मात्र पावच राहते. अशा वारुळातल्या कामकऱ्यांना बहिणींची ओढ तेवढी असू नये. बाहेर नरांना जो भाव मिळतो तो मात्र साऱ्या वारुळांना एकच. म्हणून ज्या वारुळात बहिणी सरासरीहून जवळच्या, त्याने माद्याच वाढवाव्यात, आणि ज्यात लांबच्या, त्याने नर. लिसेलॉट सुंडस्ट्रॉम यांनी १९९४ मध्ये फॉर्मिका ट्रंकोरम या जातीत हेच आढळल्याचे प्रसिद्ध केले. एका बापाची वारुळे प्रामुख्याने राण्या बाहेर पाठवत होती, अनेक बापांची प्रामुख्याने नर. दोन वर्षांनी त्यांनी मिशेल शापुइसा आणि लॉरें केलर यांच्यासोबत फॉर्मिका एक्सेक्टा या जातीत अंड्यांपासून कोषांपर्यंतचा हिशेब तपासला. अंड्यांत नरांचे प्रमाण दोन्ही प्रकारच्या वारुळांत सारखेच होते. फरक पडला तो नंतर. एका बापाच्या वारुळांत कोष होईपर्यंत नर नाहीसे झाले होते. म्हणजे राणीने नर घातले होते आणि कामकऱ्यांनी ते वाढू दिले नव्हते. नर-अळ्या मारून त्यांचे अन्न पुन्हा वारुळाच्या कामी आणले जाते. बाप किती आहेत हे कामकऱ्यांना कळते ते बहुधा वासाच्या विविधतेवरून. फॉर्मिका ट्रंकोरममध्ये २००३ मध्ये असे दिसले की बाप दोन असूनही त्यांच्या मुलींच्या अंगावरचे गंध सारखे असतील, तर कामकरी मुंग्या एकच बाप असल्यासारख्या वागतात. त्यांची अशी फसगत होते, यावरूनच त्या कोणत्या खुणेवर चालतात हे कळते.

मग राणी हतबल आहे का? तसे मानणेही चुकीचे ठरले. दक्षिण अमेरिकेतून अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत शिरलेल्या फायर अँट या मुंगीची एका राणीची वारुळे दोन प्रकारची असतात, प्रामुख्याने नर देणारी आणि प्रामुख्याने राण्या देणारी. ल्युक पासेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दोन प्रकारच्या वारुळांतल्या राण्यांची अदलाबदल केली आणि निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध केले. कामकरी त्याच, राणी फक्त नवी. काही आठवड्यांत वारुळाचे प्रमाण नव्या राणीच्या मूळ वारुळासारखे झाले. राणीच्या हाती असलेले साधन साधे पण जबर आहे. मादीची अंडी मोजकीच घालायची. कामकरी नराला मारू शकतात, पण नराच्या अंड्यातून मादी काढू शकत नाहीत. मादीची अंडी कमी पडली तर त्यांतून वारूळ चालवायला लागणाऱ्या कामकऱ्याही वाढवाव्या लागतात, आणि नव्या राण्यांसाठी अंडी उरत नाहीत. तेव्हा नर वाढवा, नाहीतर बाहेर काहीच पाठवू नका, एवढाच पर्याय कामकऱ्यांपुढे उरतो. थोडक्यात, राणीचा अधिकार अंड्यापाशी आणि कामकऱ्यांचा अळीपाशी. कोणत्या जातीत कोणाचे पारडे जड, हे त्या जातीच्या राहणीवर अवलंबून असते.

खाण्यापिण्याची सुबत्ता हेही एक कारण आहेच. मादीच्या अळीला भरपूर खाणे मिळाले तर ती राणी होते, कमी मिळाले तर कामकरी. म्हणून सुकाळात माद्यांचे प्रमाण वाढते, आणि नात्यांचे गणित न मांडताही बरेच काही समजावून सांगता येते. हा आक्षेप मी टाळू इच्छित नाही. अनेक अभ्यास एकत्र करून २००८ मध्ये केलेल्या पाहणीत, वारुळा-वारुळांतल्या फरकाचा सुमारे एक पंचमांश भाग नात्यांच्या फरकाशी जोडता आला. उरलेल्या भागात खाणे, राण्यांची संख्या, वारुळाचा आकार असे पुष्कळ काही येते. जिवंत प्राण्यांच्या वागण्यातला एक पंचमांश भाग एकाच कारणाने उलगडणे, तेही ते कारण आधी कागदावर मांडून, ही लहान गोष्ट नव्हे.

भारतातल्या कामाने या विषयाला आणखी एक वळण दिले. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये राघवेंद्र गदगकर यांनी दक्षिण भारतात सर्वत्र आढळणाऱ्या रोपालिडिया मार्जिनाटा या गांधीलमाशीचा अनेक दशके अभ्यास केला. तिच्या राण्या अनेक नरांशी समागम करतात आणि पोळ्यातली राणी वरचेवर बदलते, त्यामुळे कामकरी माशी जिला वाढवते ती सख्खी बहीण असेलच असे नाही. ती सावत्र बहीण, भाची किंवा त्याहून लांबचीही असते. पाऊण नाते इथे कधीच मोडून पडलेले असते, तरी कामकरी माश्या कामाला चुकत नाहीत. नात्याइतकेच, एकटीने घर थाटण्यातल्या धोक्याचे वजनही हिशेबात धरावे लागते, हे यातून कळते. आपल्याच पश्चिम घाटातली उड्या मारणारी मुंगी, हार्पेग्नेथोस सॉल्टेटर, आणखी गुंतागुंत करते. तिच्या कामकऱ्यांना शुक्राणू साठवण्याची पिशवी असते. राणी मेली की त्या मिशांनी एकमेकींशी झुंजतात, त्यांतल्या काही वारुळातल्याच नरांशी समागम करतात आणि अंडी घालू लागतात. राणी आणि कामकरी ही रेघच तिथे पुसट होते, आणि पाऊण-पाव हे आकडे काही महिन्यांत बदलतात.

वाळवीकडे पाहिले की वेगळ्याच बाजूने पडताळा मिळतो. ती मुंगी नव्हे, झुरळांच्या गोतातली. तिच्यात नर आणि मादी दोघांनाही गुणसूत्रांचे दोन-दोन संच असतात. बहीण-भाऊ नात्याने सारखे. आणि तिच्या कामकऱ्यांत नर-मादी दोन्ही असतात, राजा समागमानंतर मरत नाही, राणीजवळ वर्षानुवर्षे राहतो. समाजजीवन तितकेच गुंतागुंतीचे असूनही नर तिथे परका झालेला नाही.

इथवरच्या साऱ्या हिशेबात मुंग्यांचा नर हा केवळ वाढवला जाणारा किंवा मारला जाणारा होता. वासमॅनिया ऑरोपंक्टाटा या दक्षिण अमेरिकेतल्या छोट्या मुंगीत तो तसा राहिलेला नाही. तिच्या बऱ्याच वारुळांत नव्या राण्या शुक्राणूंशिवाय, राणीच्या हुबेहूब प्रती म्हणून जन्मतात. शुक्राणू वापरले जातात ते फक्त वांझ कामकऱ्या तयार करण्यासाठी. असेच चालले तर नराचे जनुक पुढच्या पिढीत पोचलेच नसते, कारण कामकऱ्यांना संतती नाही. पण डेनिस फूर्निए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवले की या मुंगीच्या काही फलित अंड्यांतून आईचा संच नाहीसा होतो आणि उरलेल्या बापाच्या संचातून नर निपजतो, बापाची हुबेहूब प्रत. एका वारुळात राहणारे नर आणि राण्या जनुकांच्या दृष्टीने दोन वेगळ्या घराण्यांसारखे झाले आहेत, आणि दोघांचे जनुक एकत्र येतात ते फक्त कामकऱ्यांच्या शरीरात. फिशर, हॅमिल्टन आणि ट्रिव्हर्स यांच्या हिशेबात पक्ष दोनच होते, राणी आणि कामकरी. या मुंगीचा हिशेब मांडायचा तर नराला तिसरा पक्ष म्हणून धरावेच लागते.